ओठ हलवणाऱ्यांची मार्गळी

अन्याय रुक्माक्कावर झाला. मागच्या मार्गळीतल्या पहिल्या शनिवारी, दुपारच्या तालमीत, चहा यायच्या जरा आधी. अन्याय करणारे आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळाच्या समूहगानाचे संचालक बेहेरेसर. बघणारे आम्ही तीसेक जण, आणि त्यातले बहुतेक दाराकडे तोंड करून चहाची वाट बघत होते.

"रुक्मिणीबाई," सर छडी खाली न घेता म्हणाले, "यंदा मैलापूरच्या सभेत गायचंय. सीझन आहे. जाणकार बसणार. तेव्हा तुम्ही आपलं नेहमीसारखंच. फक्त ओठ."

फक्त ओठ! ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांना हे समजावून सांगावं लागतं. मंडळाची मोरपंखी साडी नेसायची, गजरा माळायचा, मागच्या रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांबरोबर तोंड उघडायचं, मिटायचं. चेहऱ्यावर भाव आणायचा. आवाज काढायचा नाही. मंच भरलेला दिसायला माणसं लागतात म्हणून तुम्ही हवे, आणि ऐकू आलात तर नको. काचेच्या पेटीतला मासा याहून वेगळं काय करतो? त्याला निदान साडी नेसावी लागत नाही.

आता पुन्हा मार्गळी आली आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा हा महिना चेन्नईत आला की आधी कानाला कळतं. आमच्या कंपनीची बस अंबत्तूरहून अंधारातच निघते, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासायला मला घेऊन जाते. वाटेत प्रत्येक देवळाचा कर्णा आपापलं स्तोत्र म्हणत असतो आणि बस दोन देवळांच्या मध्ये आली की दोन देव एकदम कानात भांडतात. दारादारात बायका वाकून रांगोळ्या घालतात, एवढ्या मोठ्या की दुचाकीवाल्याला वळसा घालून जावं लागतं. रांगोळीच्या मधोमध शेणाचा गोळा, त्यात भोपळ्याचं पिवळं फूल. आणि थंडी! थंडी म्हणजे कानटोपी. ड्रायव्हर अण्णा कानटोपी घालतात, रखवालदार घालतो, देवळातला हत्ती सुटतो तेवढा. मी परभणीची. तिथल्या डिसेंबरात रजईतून नाक बाहेर काढायला हिंमत लागते. इथल्या हवेला थंडी म्हणणं हा थंडीचा जाहीर अपमान आहे, आणि तरी गेल्या आठवड्यात मीही एक कानटोपी घेतली. माणूस असाच व्यवस्थेला शरण जातो.

परभणीत कॉलेजला असताना मी मेसच्या डाळीवर पत्रकं काढायचे. डाळ शेवटपर्यंत सुधारली नाही, माझी भाषा मात्र तेव्हा बिघडली ती बिघडलीच. या अंकासाठी मला ऋतूवर हळुवार काही लिहायला सांगितलंय. मी हळुवार सुरू करते. भोपळ्याचं फूल आलं की नाही?

इथल्या सीझनची, म्हणजे मार्गळीतल्या संगीत महोत्सवाची, गंमत बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मैलापुरात जिथे बघावं तिथे सभा, म्हणजे संगीत सभांचे हॉल, आणि सकाळपासून गाणं. ऐकणारे नुसते ऐकत नाहीत. मांडीवर हाताने ताल धरतात. एक टाळी, मग करंगळीपासून बोटं मोजायची, पुन्हा टाळी, तळवा उलटा. सगळा हॉल हाताने गात असतो. समोरचा गवई चुकला तर हात थांबतात आणि त्या थांबलेल्या हातांसारखी भयंकर टीका मी कुठल्याच पत्रकात करू शकलेले नाही. दुसरी गंमत कँटीनची. मैफलीत मृदंगवाल्याचं एकट्याचं वादन सुरू झालं की अर्धा हॉल उठतो आणि कॉफी-बोंड्याकडे चालू लागतो. यात कोणाला राग येत नाही. मृदंगवाल्यालाही नाही. त्याला फक्त परत आलेल्यांच्या मिशीवर चटणी दिसते.

या दोन्ही गोष्टी बेहेरेसरांना ठाऊक नव्हत्या. पंचवीस-तीस वर्षं चेन्नईत राहून ठाऊक नव्हत्या, कारण त्यांनी कधी सभेत मागे बसून ऐकलंच नाही. ते नेहमी मंचावर आणि श्रोत्यांकडे पाठ.

सर संरक्षण खात्याच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. पांढरे केस मानेपर्यंत, उकाड्यातसुद्धा काळा बंद गळ्याचा कोट, हातात कारखान्यातल्याच एका कारागिराकडून घोटून घेतलेली सागवानी छडी. 'दक्षिणेतलं मराठी समूहगान म्हणजे बेहेरे' असं मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी छापून येई. स्मरणिकेचे संपादकही बेहेरेच. त्यांचा हुकूम एकच: "माझ्याकडे बघा! गाणं कागदावर नाही, गाणं छडीवर आहे!" आम्ही बघायचो. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तालीम चालायची, ठेंगण्या बाकांवर गुडघे छातीला लावून आम्ही छडीकडे बघायचो, आणि भिंतीवरचे चिमण्या-कावळेसुद्धा छडीकडे बघतायत असं वाटायचं.

रुक्माक्का तंजावूरकडची. तिचे पूर्वज मराठी राजांबरोबर तिकडे गेले आणि तिथलेच झाले. तिची मराठी ऐकली की आधी हसू येतं आणि मग लाज वाटते हसल्याची. 'सगळं'ला ती 'अस्क' म्हणते, 'मला'ला 'मज', आणि वाक्य तमीळ चालीवर वर चढवून तिथेच सोडून देते. सरांना हेच खुपायचं. "आवाज छान आहे हो, पण उच्चार! रसभंग होतो." मी त्यांना विचारलं, सर, तुमच्या घराण्यात किती पिढ्या परमुलखात राहून घरात मराठी बोलल्यात? सर म्हणाले, "शीतल, खर्जाच्या रांगेत जाऊन बस."

आणि गप्प केलेला आवाज कुठला! रुक्माक्काने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंककॉलच्या काळात अर्ध्या शहराने तिचा आवाज कानाला लावून आनंदाच्या आणि मरणाच्या बातम्या ऐकल्या. तेव्हा कोणाचा रसभंग झाला नाही.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट पाट्टीची.

पाट्टी म्हणजे तमिळीत आजी; ही रुक्माक्काची आई. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, जिभेने ठणठणीत. मैलापुरात देवळाच्या मागच्या गल्लीत दोघी राहतात. पाट्टीने आयुष्यभर सीझन ऐकला आणि कुठल्या थोर गवयाला कुठल्या रागात सोडून आपण कँटीनमध्ये हलवा खायला गेलो हे ती अभिमानाने सांगते. मुलीच्या समूहगानाला दर वर्षी हजर. पहिल्या रांगेत. बाकीचे नातेवाईक टाळ्या वाजवून म्हणायचे, "छान गायलीस रुक्मा." त्यांना ओठ दिसायचे. पाट्टीला ओठ दिसत नाहीत.

"रुक्मा, तुझा आवाज कोठें?" ती दर वर्षी विचारायची.

"अम्मा, अस्क मिळून गातात. एकाचा आवाज वेगळा येत नाही."

"मज तुझा आवाज गर्दीत येत नाही? पाळण्यापासून ऐकते मी."

शेवटी पाट्टीने काढलेला निष्कर्ष असा, की आपले कान गेले. डॉक्टरकडे गेली. तपासणी केली. कानात यंत्र बसवून घेतलं. त्या यंत्राने तिला शेजारच्या घरातला कुकर ऐकू येऊ लागला, रस्त्यापलीकडचं भांडण तपशिलासकट ऐकू येऊ लागलं. पुढच्या कार्यक्रमात मुलगी ऐकू आली नाही.

"पोदुम," पाट्टी म्हणाली. पुरे झालं. "यंदाचा सीझन शेवटचा. आपलं माणूस ऐकू येत नाही तर बसून काय करूं?"

हे मला रुक्माक्काने चहाच्या वेळी सांगितलं. त्याच शनिवारी. हसत सांगितलं, म्हणून मला जास्त राग आला.

"मग सांग ना आईला खरं!"

"काय सांगू गे? येवढी वर्षं साडी नेसून, तास-तास गाडीने येऊन मी मुकी उभी राहते, हे सांगू? त्यापेक्षा कान गेले हे बरं वाटेल तिला."

मी त्याच आठवड्यात बसमध्ये पत्रक लिहिलं. मथळा: 'ओठ आमचे, आवाज कोणाचा?' मागण्या तीन, घोषणा दोन. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आलेली उत्तरं: हात जोडलेले, हात जोडलेले, गुलाबाचं फूल, हात जोडलेले, आणि एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग माझ्या खोलीवर बैठक बोलावली. मिसळ ठेवली. सगळे आले. सगळ्यांनी माझा मुद्दा शंभर टक्के मान्य केला. तर्री संपेपर्यंत तर सरांना संचालकपदावरून काढायचंही ठरलं. सही करायला कोणी पुढे येईना.

आमचे चिटणीस गोडबोले बँकेत आहेत. ते जाताना चपला घालत म्हणाले, "ताई, तुमचं तत्त्व शंभर नंबरी. पण आत्ता सीझन आहे. सीझननंतर बघू."

सीझननंतर! जगातला प्रत्येक अन्याय कोणत्या तरी सीझनमध्येच चालू असतो, गोडबोले!

तर सभा. आम्हाला मिळालेली वेळ दुपारची, जेवणानंतरची. या वेळी प्रवेश मोकळा असतो आणि मैलापुरातले मामा-मामी, म्हणजे तिथली वयस्क जोडपी, वातानुकूलित हॉलमध्ये वामकुक्षी करायला येतात. आत शिरलो तर कांजीवरमच्या नव्या रेशमाचा, जाईचा, फिल्टर कॉफीचा आणि नॅफ्थलिनच्या गोळ्यांचा मिळून एक वास. पहिल्या रांगेत पाट्टी. मांडीवर हात तयार. कानात यंत्र.

सर पहिल्याच गाण्याला तापले. मोठ्या सभेत उभं राहिल्याचा आनंद छडीतून वाहू लागला आणि छडी पळू लागली. आम्ही छडीमागे पळालो. शब्द गिळायला लागलो. खर्जाच्या रांगेत माझ्या शेजारच्याला दम लागला. आणि तेवढ्यात माझी नजर घसरली. सरांच्या कोपराखालून मला पाट्टीचा हात दिसला. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. संथ. गिरणीच्या पट्ट्यासारखा एकसारखा. छडीवरून मी त्या हातावर आले आणि काय सांगू, उकाड्यात झाडाखाली आल्यासारखं वाटलं.

मी कोणाला सांगितलं नाही. खाणाखुणा केल्या नाहीत. कटाचा आरोप पुढे झाला म्हणून हे स्पष्ट करते. पण बघता बघता एकेकाची मान इंचभर खाली आली. माझ्या शेजारचा आला. मग मधली रांग आली. मग ढोलकीवाला आला, आणि ढोलकी आली म्हणजे सत्तांतर झालं. सगळं मंडळ पहिल्या रांगेतल्या अधू म्हातारीच्या मांडीवरून गाऊ लागलं. सर आपले पुढेच. ते गाणं संपवून मोकळे झाले. शेवटची मूठ मिटायची त्यांची एक प्रसिद्ध लकब होती, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ती छापलेली आहे. ती मूठ त्यांनी हवेत मिटली. आम्ही अजून शेवटच्या दोन ओळी गात होतो. सर मूठ मिटून, डोळे विस्फारून, आम्ही संपायची वाट बघत उभे.

दुसरं गाणं सरांनी स्वतः रचलेलं. समुद्रावरचं. मध्येच ढोलकीचं एकट्याचं वादन त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं, 'दाक्षिणात्य श्रोत्यांसाठी'. ढोलकी सुरू झाली. सर छडी खाली घेऊन, श्रोत्यांकडे पाठ करून, मान डोलावत उभे. आणि मागे खुर्च्या वाजू लागल्या. खट. खट. खटखटखट. हॉल उठत होता.

सरांचा चेहरा आम्हाला दिसत होता, श्रोत्यांना नाही. तो आधी चकित झाला. मग विरघळला. त्या माणसाला वाटलं, सगळी सभा उभं राहून मानवंदना देते आहे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. गोडबोलेंनी मानेने 'नाही, नाही' केलं, सरांना तो विनय वाटला. त्यांनी कोट सारखा केला, केस मागे टाकले, वळले आणि कंबरेतून वाकून अभिवादन केलं.

समोर सगळ्यांच्या पाठी. रेशमी पाठी, धोतराच्या पाठी, कँटीनकडे निघालेल्या. दारातला एक मामा मागे वळून तमिळीत बायकोला ओरडला, "लवकर ये गं, बोंडे संपतील!"

मी हसले. पुष्कळ हसले. वाकलेला माणूस हळूहळू सरळ होतो तेव्हा त्याचं वय दिसतं, तेही दिसलं मला. सरांनी छडी तिथेच जमिनीवर ठेवली आणि पडद्याआड निघून गेले.

आता पंचाईत. ढोलकीवाल्याला थांब म्हणायला कोणी नाही, म्हणून तो वाजवतोय. आम्हाला गाणं उचला म्हणायला कोणी नाही, म्हणून आम्ही उभे. गोडबोले घाम पुसतायत. हॉलमध्ये झोपलेले चार मामा आणि पाट्टी. पाट्टी कँटीनला गेली नव्हती. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. तिचा हात चालू होता.

आणि मागच्या रांगेतून पुढचं कडवं सुरू झालं. एकाच आवाजात. तमीळ वळणाचं, ओळीच्या शेवटी वर चढून तिथेच सोडून दिलेलं. सरांनी समुद्र लिहिला होता, इतकी वर्षं आम्ही तो कवायतीसारखा गात होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात पाणी होतं.

पाट्टीचा हात थांबला.

वर सांगितलं ना, हात थांबणं ही सगळ्यात भयंकर टीका? तर तेव्हा ती टीका नव्हती. तळवा अर्धा उलटा करून पाट्टी तशीच बसली. मग तिने कानातलं यंत्र काढलं, पदराच्या टोकात बांधलं, आणि हात पुन्हा सुरू केला. लोक कँटीनमधून परत आले तोवर आम्ही सगळे गात होतो. कोणालाच कळलं नाही काय होऊन गेलं. त्यांच्या मिशांवर चटणी होती.

मध्यंतरी खोलीवरच्या मुलींनी एका जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा संचालकाच्या पतनावरचा सिनेमा लावला. भारी होता म्हणे. थंड देश, काळे कोट, मोठ्या हॉलमधली शांतता, आणि शिखरावरून घसरणाऱ्या माणसाचा चेहरा तासभर जवळून. सगळ्या हळहळल्या. मी उठून ओरडले, "अरे, पण मागच्या रांगेत कोण उभं होतं? त्यांचे चेहरे दाखवा ना!" मला तिथूनही उठवून स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. मोठी माणसं पडली की त्यांचं पडणंसुद्धा मोठं होतं, आणि ज्यांच्यावर पडतात ते मात्र कधी चित्रात येत नाहीत. हे लिहून घ्या.

सर वर्षभर आले नाहीत. छडीचा उपयोग आता वर्गाची वरची खिडकी उघडायला होतो. तालमी गोडबोले घेतात, मोबाइलवर टिकटिक लावून. रुक्माक्का अजून मागच्याच रांगेत असते, गाते, आणि चुकलं की स्वतःच "अय्यो" म्हणते. पाट्टीने शेवटचा सीझन जाहीर केला होता तो रद्द केला. यंदाचा तिचा सगळा कार्यक्रम ठरलाय, कँटीनच्या बदललेल्या कंत्राटासकट.

आणि गेल्या शनिवारी तालमीला सर आले. कोट नाही, साधा बुशशर्ट. दारात थांबले. रुक्माक्काने जरा सरकून जागा केली, तसे मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि गाऊ लागले.

आता खरं सांगायलाच हवं. सर बेसूर आहेत. थोडेथोडके नाहीत. आयुष्यभर छडी हातात असल्यामुळे हे उघडकीला आलं नव्हतं. त्यांचा आवाज बैलगाडीच्या आसासारखा लागला आणि सगळी रांग एकदम डावीकडे झुकली. गोडबोले टिकटिक बंद करून आले. चहा यायच्या जरा आधी. अगदी आदराने वाकून म्हणाले, "सर, आपला अनुभव मोठा. यंदा आपण नुसते... ओठ?"

सरांचं तोंड उघडं होतं. त्यांनी ते मिटलं. मला वाटलं, आता माझं हसू फुटणार. माझ्या सगळ्या पत्रकांची साठवलेली मजा एका वाक्यात वसूल होत होती. पण सरांनी मान हलवली, "हो, हो, बरोबर आहे," म्हणाले, आणि पुढच्या ओळीला खरोखरच ओठ हलवू लागले. त्यांना ते नीट जमतही नव्हतं. त्यांच्या मानेवर एक शीर ताठ उभी राहिली होती, दाबून धरलेल्या आवाजाची.

रुक्माक्काने माझ्याकडे बघितलं.

"काय गे," ती म्हणाली, "पत्रक लिहितीस ना तू? का फक्त मजसाठी लिहितीस?"

मग सरांकडे वळून म्हणाली, "गा हो तुम्ही. माझ्या शेजारी उभं राहून गा. बिघडलं तर अस्क माझ्यावर ढकला. सवय आहे."

तर हे पत्रक आहे. हळुवार लिहायचं होतं, जमलं नाही. ललित समजून वाचलं असेल तर तुमची फसवणूक झाली आहे, तिचा निषेध तुम्ही स्वतंत्रपणे करावा.

मागणी तुमच्याकडे आहे, मंडळाकडे नाही. मंडळ सीझननंतर बघणार आहे. या महिन्यात तुम्ही कुठल्या तरी समूहगानाला जाल, शाळेच्या, सोसायटीच्या, मंडळाच्या, देवळाच्या. छडीकडे बघू नका. मागच्या रांगेकडे बघा. ओठ बघू नका, ओठ सगळ्यांचे हलतात. गळा बघा. जिचा गळा हलत नाही, ज्याची शीर ताठ उभी आहे, तो चेहरा ध्यानात ठेवा. कार्यक्रम संपल्यावर बोंड्यांच्या रांगेत घुसायच्या आधी मंचामागे जा, त्या माणसाला गाठा आणि विचारा: "तुमचा आवाज कुठे होता?"

उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.